नवसूचा रोज

परवा शाळेतून परतताना रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी केली. झोडणी उरकलेल्या एका शेतात दोघं जण चुना टाकत होते. एकाच्या हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्याच्या हातात सुतळीचं टोक. सुतळी ताणून धरायची आणि तिच्या कडेकडेनं चुना सोडत जायचं. भाताची धसकटं अजून पुरती बसली नव्हती, त्यामुळे रेघ कुठे उचलली जात होती, कुठे खाली बसत होती. शेताच्या दोन्ही टोकांना बांबूचे खांब उभे राहिले होते. दोघांपैकी एकानं मला ओळखलं आणि हात वर केला. मीही केला. आणि बरगडीच्या आत, डाव्या बाजूला, जुनी ओळखीची चुरचुर झाली.

दर वर्षी पौषात ती होते. वय आता पंचेचाळिशीकडे झुकलंय, गुडघे जिना उतरताना कुरकुरतात, पायाला बॉल लागून तीनेक वर्षं झाली. तरी भात घरात आलं, उन्हाला पिवळसर धार आली, की ती चुरचुर बरोबर दाराशी येऊन उभी राहते. तिला मी पुष्कळ दिवस वेगवेगळी नावं दिली. कधी थकवा म्हटलं, कधी आठवण म्हटलं. तिचं खरं नाव हेवा आहे, आणि तो एकाच माणसाचा आहे.

आमच्या किनाऱ्यावर हे दिवस फार सुंदर असतात. पहाटेची थंडी अंगाला चिकटते, पण नऊ वाजले की उतरून जाते. झाईपासून धाकट्या डहाणूपर्यंत कुठेही उभं राहा, वाऱ्यावर वाळत्या बोंबलांचा वास असतो आणि त्याच्या मागून, वाड्यांमधून, पिकल्या चिकूचा गोडसर वास येतो. बाहेरच्या माणसाला हे दोन वास एकत्र सोसत नाहीत. आम्हाला एकाशिवाय दुसरा अपुरा वाटतो. तलासरीच्या बाजूला चढलं की हवा बदलते. तिकडे नागलीची खळी, शेकोट्यांचा धूर, आणि हमरस्त्याला लागलं की कंद-पापडी भाजणाऱ्या उंबाडियूच्या मडक्यांचा वास. आमच्या फुटबॉलचा मोसम ह्या सगळ्या वासांमधून जायचा. सराव आमच्या गावी, चिखल्याला, समुद्रावर आणि स्पर्धा तलासरीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या मोकळ्या शेतांत.

सरावाची वेळ समुद्र ठरवायचा. ओहोटी लागली की ओली वाळू घट्ट बसते, त्यावर बॉल छान पळतो. त्यामुळे आज साडेचारला खेळलो तर उद्या सव्वापाचला. एका बाजूची सीमारेषा सुरूच्या झाडांची, दुसऱ्या बाजूची पाण्याची, आणि पाण्याची रेषा खेळता खेळता मागे सरकत राहायची. मैदान मोठं होत जायचं आणि आम्ही दमत जायचो.

हा संघ हरीकाकांचा. हरीकाका रेल्वेतून निवृत्त झालेले, घरची लहानशी चिकूची वाडी. स्वतः कधी फारसे खेळले नव्हते. पण बॉलला हवा भरणं, जर्सी धुऊन घेणं, स्पर्धेच्या गावी जीप ठरवणं, सगळं त्यांच्याकडे. रागावले की आवाज खाली यायचा, म्हणून आम्ही त्यांच्या हळू बोलण्याला भ्यायचो. मी त्या संघाचा कप्तान होतो आणि अकरा वर्षं सगळ्यांत पुढे खेळत होतो. गोल मारणं माझं काम. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे मैदानातही मला सगळे मास्तरच म्हणत. "मास्तरला दे, मास्तरला दे," ही हाक समुद्राच्या आवाजावरून माझ्याकडे यायची. आयुष्यात मला कुणी इतकं वारंवार आणि इतक्या खात्रीनं मागितलेलं नाही.

मग नवसू आला.

तो तलासरीच्या आतल्या एका पाड्यावरचा. हरीकाकांच्या वाडीत चिकू तोडायला म्हणून एका मोसमात आला होता. संध्याकाळी आमचा खेळ बघत सुरूच्या झाडाला टेकून उभा राहायचा. एकदा आमच्यात एक जण कमी होता, काकांनी त्याला बोलावलं. त्यानं चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या आणि आत आला. पहिला बॉल त्याच्याकडे आला तो पोटाच्या उंचीनं, वेडावाकडा. त्यानं तो मांडीवर घेतला, आणि तो तिथेच गप्प झाला. ओरडणारं मूल कडेवर घेतल्यावर गप्प होतं तसा. मी दहा फुटांवर उभा होतो. त्याच क्षणी मला कळलं की हे मला कधीच येणार नाही.

त्या मोसमापासून तो पुढे खेळू लागला आणि मी कडेला सरकलो. कुणी मला काढलं नाही. हरीकाका एवढंच म्हणाले, "मास्तर, तू उजवीकडून पळ, नवसूला मधे राहू दे." मी हो म्हटलं. कप्तान मीच होतो, दंडावरची पट्टी माझीच होती. हाक मात्र बदलली. आता समुद्राच्या आवाजावरून "नवसूला दे" ऐकू यायचं, आणि पुष्कळदा ते ओरडणारा मीच असायचो.

हेवा मोठ्या गोष्टींतून येत असता तर मला तो लवकर ओळखता आला असता. तो फार बारीक गोष्टींतून आला. एकदा सरावानंतर चार-पाच जण आमच्या घरी जेवायला होते. सुनीतानं, माझ्या बायकोनं, सरंग्याची तुकडी वाढताना मधली जाड तुकडी नवसूच्या ताटात घातली. इतकी वर्षं ती माझ्या ताटात पडायची. मी रस्सा ओढून भात खाल्ला. मंडळी गेल्यावर ती म्हणाली, "किती लाजतो तो. दुसऱ्यांदा वाढायला गेले तर ताटावर हात धरला." मी म्हटलं, "इतका काही लाजरा नाही, मैदानात बघ." ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला काय झालं?"

काही नाही झालं, असं मी म्हणालो.

दोन वर्षं तो आमच्याकडून खेळला. दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात त्यानं दोन गोल मारले आणि करंडक चिखल्याला आला. फोटोत करंडक माझ्या हातात आहे, कारण कप्तान मी होतो. पण फोटो बघणारा प्रत्येक जण बोट ठेवतो ते मागच्या रांगेतल्या डोक्यावर. "हाच ना तो?"

तिसऱ्या वर्षी, स्पर्धा दहा दिवसांवर आली तरी नवसू सरावाला दिसेना. तोपर्यंत तो चिकूच्या कामावरून उंबरगावकडच्या एका प्लास्टिकच्या कंपनीत लागला होता, ठेकेदाराकडे रोजंदारीवर. पाळी सुटली की मिळेल त्या गाडीनं झाईपर्यंत यायचा आणि तिथून एसटीनं चिखल्याला. आता तो येईना आणि फोनही उचलेना. शेवटी कुणाकरवी निरोप आला की नवसू पैसे मिळाल्याशिवाय खेळणार नाही म्हणतो.

खरं सांगतो, तो निरोप ऐकला तेव्हा मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी तोंड फिरवून समुद्राकडे पाहत राहिलो.

हरीकाकांचा आवाज खाली आला. "मास्तर, तू जाऊन ये. तू कप्तान आहेस. त्याचं म्हणणं काय ते नीट विचार आणि येऊन सांग."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तलासरीला गेलो. नवसूच्या कंपनीला शनिवारी सुट्टी असे. हमरस्ता सोडून आत वळलं की रस्ता आधी डांबरी, मग खडीचा, मग नुसता लाल. पाड्यावर दहा-बारा घरं. त्याची आई खळ्यात नागली पाखडत होती. भुसा उडून तिच्या केसांवर बसला होता. नवसू घराच्या कुडाला शेणमातीनं लिंपत होता. मला पाहून त्यानं हात धुतले, खाट आणली, कोरा चहा आला.

मी सरळच विचारलं, "नवसू, पैसे मागतोस म्हणे."

"मागतो," तो म्हणाला. "मॅचच्या दिवसाचा रोज पायजे."

"आपल्यात कुणाला कधी पैसे दिलेत? सगळे गावासाठी खेळतात."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मास्तर, गेल्या साली आपण जिंकलो ना, त्यात माझे चार खाडे झाले. पाचव्या दिवशी कंपनीत गेलो तर ठेकेदारानं माझ्या जागी दुसरा घेतलेला. दीड महिना घरी बसलो. तुमाला कुणाला सांगितलं नाय. पावसाळ्याआधी घर शाकारायचं होतं, तेपण राहिलं."

मला हे ठाऊक नव्हतं. आम्ही त्या दीड महिन्यात त्याचे गोल आठवत होतो.

"ह्या साली ठेकेदाराला बोललोय," तो पुढे म्हणाला. "मॅचच्या दिवशी माझ्या जागी भाऊ जाईल. पण तो आपलं काम सोडून जाईल, त्याचा रोज मला द्यावा लागेल. जास्त नको. जेवढा रोज बुडतो तेवढाच. आणि माझ्या एकट्याला देऊ नका. ते बरं दिसत नाय. आपला गोली विजय हाय ना, तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. बोट गेली आणि तो मॅचला राहिला तर त्याचा हिस्सा गेला. आणखी तिघं हायेत, दोघं वाडीत जातात, एक गवंड्याच्या हाताखाली. आमा पाचांना रोज मिळाला पायजे. ते बोलायला लाजतात. मी बोलतो. मी नाय खेळलो तर संघाला फरक पडतो, म्हणून माझं ऐकाल."

ह्या शेवटच्या वाक्यात गर्व शोधण्याचा मी नंतर फार प्रयत्न केला. सापडला नाही. आपल्याला किती किंमत आहे हे त्यानं आपल्या रापलेल्या हातांकडे बघत, हवामान सांगावं तसं सांगितलं होतं. आणि ती किंमत त्यानं इतरांसाठी पुढे केली होती.

परतताना त्याची आई म्हणाली, "मास्तर, तुमी सांगाल तर ऐकतील ते." तिनं मला घरी न्यायला वाल दिले. उतारावर ते पिशवीत खुळखुळत होते.

रविवारी सकाळी हरीकाकांच्या वाडीत बैठक झाली. चिकूच्या झाडांखाली सावली गार असते, बुंध्याशी पानांचा थर. त्यावर गोणपाटं टाकून चौदा-पंधरा जण बसले होते. ते चौघेही होते. विजय सगळ्यांत पुढे. धाकट्या डहाणूचा, आमचा गोलरक्षक, रुंद खांद्यांचा, मोकळ्या आवाजाचा.

"काय म्हणतो नवसू?" हरीकाकांनी विचारलं.

मी म्हणालो, "रोज मागतो. दिल्याशिवाय खेळणार नाही. मी नसलो तर संघाला फरक पडतो, असं म्हणाला."

एकही शब्द खोटा नव्हता. मी शिक्षक आहे, गाळलेल्या जागा भरा हा प्रश्न मी दर परीक्षेत घालतो. त्या दिवशी मी स्वतः जागा गाळल्या आणि त्या कुणी भरू नयेत म्हणून घाईघाईनं पुढे बोलत राहिलो. गावाचं नाव, जर्सीचा मान, इतकी वर्षं एक रुपया न घेता खेळलेली माणसं. आज एकाला दिले तर उद्या बाकीच्यांनी काय करायचं, असंही विचारलं. फार चांगलं बोललो. महिन्याच्या महिन्याला पगार होणारा माणूस गावासाठी खेळण्यावर फार चांगलं बोलू शकतो. स्पर्धेच्या आठवड्यात मी किरकोळ रजा टाकायचो. माझा एक दिवसही कधी बुडला नव्हता.

विजय उठून उभा राहिला. "आम्ही काय फुकटचे आहोत? मी बोट सोडून येतो. मी कधी मागितलं? त्याला मस्ती आली असेल तर राहू दे घरी."

हरीकाकांनी हात वर करायला सांगितले. पैसे देऊ नयेत म्हणणारे किती. ज्यांच्यासाठी नवसूनं तोंड उघडलं होतं त्या चौघांचेही हात वर गेले. विजयचा सगळ्यांत उंच. मी ते हात पाहिले. अजूनही वेळ होती. एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो. पण तेवढ्यात काका म्हणाले, "मग मास्तर, पुढे तूच खेळ," आणि मी मान हलवली.

त्या आठवड्यात मी सुखी होतो. हे लपवून उपयोग नाही. "मास्तरला दे" ही हाक परत आली. पायात दहा वर्षांपूर्वीचं बळ आल्यासारखं वाटे. उपांत्य सामन्यात मी डोक्यानं गोल मारला. अंतिम सामन्याच्या दिवशी डोंगर स्वच्छ दिसत होता, मैदानाभोवती दोरीला लागून माणसांची दाटी होती, खाली पडलेल्या पेंढ्यावर बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या. उत्तरार्धात बॉल माझ्यासमोर आला, मी बघितलंही नाही, पाय फिरवला. दोन बांबूंच्या मधून तो मागच्या पेंढ्यात जाऊन रुतला. आम्ही एक-शून्यनं जिंकलो. विजयनं मला खांद्यावर घेतलं.

खांद्यावरून मला दिसलं, दोरीपलीकडे नवसू उभा होता. कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. पाळी सुटल्यावर थेट आला असावा. तो टाळ्या वाजवत होता.

गर्दी पांगल्यावर तो माझ्याकडे आला. विजय त्याला पाहून मुद्दाम जीपकडे निघून गेला. नवसूनं माझा हात हातात घेतला. "चांगला मारलात, मास्तर. पायाच्या बाजूनं मारलात ते बरं केलं."

मी म्हटलं, "बघून तरी कुठे मारला."

तो हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "माझं नाय जमलं ते ऱ्हाऊ द्या. मी अडून बसलो, काकांना राग आला असंल. पण त्या चौघांना मिळाला ना रोज?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला वाटत होतं की त्याचं मागणं अर्धं तरी मान्य झालं असेल. तो टाळ्या वाजवत होता त्यातल्या काही टाळ्या त्यासाठी होत्या.

"मिळाला," मी म्हणालो.

"मग झालं," असं म्हणून तो रस्त्याकडे गेला. चालताना त्यानं एका धसकटाला हलकेच लाथ मारली, बॉल असावा तशी.

बैठकीत मी अर्धं सांगितलं होतं. आता मात्र सरळ खोटं बोललो होतो. घरी आलो तेव्हा गळ्यात हार होता. सुनीतानं ओवाळलं. तिच्याकडे मला बघवेना.

पुढच्या रविवारी दुपारी काकांच्या वाडीत जेवण होतं. केळीच्या पानांवर भात, कोळंबीचं कालवण, वालाची भाजी. सगळे मोठ्या आनंदात. जेवता जेवता विजय म्हणाला, "अंतिम सामन्याच्या दिवशी बोट गेली हो काका. मालकानं माझ्या जागी दुसरा खलाशी घेतला. पण काही वाटत नाही बघा. नवसूसारखं भाडोत्री नाही व्हायचं आपल्याला."

मी हातातला घास पानावर ठेवला. त्यानंतर मी जे केलं त्याला धैर्य म्हणू नका. नवसू आणि विजय आज ना उद्या भेटणार, बाजारात नाहीतर बसमध्ये, आणि नवसू पहिलं तेच विचारणार, ही भीती त्यात अर्धीअधिक होती. पण उरलेला भाग लाजेचा होता, एवढं मला आठवतं.

"नवसूनं एकट्यासाठी मागितलं नव्हतं," मी म्हणालो. "रोजंदारीवरच्या पाचही जणांसाठी मागितलं होतं. मी ते सांगितलं नाही."

भात कालवणारे हात थांबले. मग मी सगळं सांगितलं. त्याचे खाडे, बसून काढलेला दीड महिना, मैदानावर त्यानं विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर.

विजयनं विचारलं, "माझं नाव घेतलं होतं त्यानं?"

"पहिलं तुझंच."

तो उठला. पिंपातल्या पाण्यानं हात धुतले. पाठमोराच राहून म्हणाला, "मी हात वर केला होता, मास्तर. त्याच्यावर."

त्यानं मला शिवी दिली असती तर मी मोकळा झालो असतो. हरीकाकांचा आवाज इतका खाली आला की शेवटच्या पानावर बसलेल्यांना ऐकू गेला नसेल. "पट्टी घरी असेल ना तुझ्या? विजयकडे आणून दे." मग त्यांनी स्वतःचं पान न संपवता उचललं.

शनिवारी विजय माझ्या शाळेच्या फाटकाशी उभा होता. "चला. मला त्याचं घर माहीत नाही." तो मोटारसायकलवर माझ्या मागे बसला. चढ लागला तसा त्याचा जड हात माझ्या खांद्यावर आला, तेवढाच.

नवसू घरीच होता. कुडाचं लिंपण वाळून फिकं पडलं होतं. विजय खाटेवर बसलाही नाही. उभ्यानंच म्हणाला, "तुला पैसे देऊ नयेत म्हणून मी हात वर केला. मला माहीत नव्हतं." नवसूनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सगळं सांगितलं. त्याची आई दारात येऊन ऐकत होती.

त्यानं एकदा आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "मास्तर, तुमी पोरांना शिकवता."

एवढंच. गेल्या कित्येक वर्षांत वर्गात उभा राहून खडू हातात घेतला आणि हे वाक्य आठवलं नाही, असे दिवस थोडेच.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तुमाला काय पायजे होतं?"

"तुझी जागा."

तो खरोखरच बुचकळ्यात पडला. "ती तुमचीच होती की. मागितली असती तर दिली असती. मला कुठूनपन खेळता येतं."

खरंच त्याला कुठूनही खेळता येत होतं. त्यानं ते मला दुखवायला म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते इतकं लागलं. माफी मागायला गेलेला मी, खाटेवर बसल्या बसल्या पुन्हा जळलो.

पुढच्या वर्षापासून हरीकाकांनी पद्धत घातली. रोजंदारीवरच्या खेळाडूला सामन्याच्या दिवसाची मजुरी संघानं द्यायची. वाडीवाले, दुकानदार, नोकरदार, सगळ्यांनी मिळून ती जमवायची. जमवायचं काम काकांनी माझ्याकडे दिलं. ती शिक्षा होती की विश्वास, हे ते गेले तरी मला कळलं नाही. मी दारोदार जातो. लोक विचारतात, "कशाबद्दल मास्तर?" मी म्हणतो, "नवसूचा रोज." हे नाव कुणी दिलं ते माहीत नाही, पण तेच रुळलं. इतकी वर्षं मी ज्या संघासाठी धावलो त्यात माझ्या नावाचं काही नाही, आणि वर्गणी मागायला त्याचं नाव मला रोज तोंडानं घ्यावं लागतं. खेळाडूला पैसे द्यावेत का, ह्यावर आता माझं मत कुणी विचारलं तर मी लगेच हो म्हणतो. जो उपाशी खेळतो त्याच्या खेळावर आपण फुकट आनंद करतो, हे मला पटलेलं आहे. पटण्याचा आणि जळण्याचा काही संबंध नसतो, हेही.

नवसू मात्र आमच्याकडे परत आला नाही. पाड्याजवळच्या संघातून खेळू लागला. आमच्याविरुद्ध चार वर्षं खेळला, तीनदा हरवलं. प्रत्येक वेळी सामना संपला की विजय धावत जाऊन त्याला मिठी मारायचा, आणि मी चपला शोधत असल्यासारखं करायचो.

काल ह्या मोसमाचा पहिला सामना झाला. मी दोरीशी उभा होतो. बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलं, बघतो तो नवसू. कानशिलं पांढरी झालेली. उजवा पाय जरा आखडून टाकत होता.

"खेळत नाहीस?" मी विचारलं.

"गुडघा गेला. डॉक्टर नको म्हणतो." तो मैदानाकडे बघत होता. "तुमचा गुडघा कसा हाय?"

"जिना उतरताना कळतो."

मैदानात झाईचा एक तरुण होता, वीस-बावीस वर्षांचा, आमच्या संघात नवा. त्याच्याकडे उंचावरून बॉल आला. त्यानं तो छातीवर घेतला, पायावर उतरवला, एका माणसाला चुकवलं आणि दुसऱ्याला चुकवायचं सोडून तिथूनच मारला. गोलरक्षक हललाही नाही. दोरीभोवतालची सगळी माणसं उभी राहिली.

मी नवसूकडे पाहिलं. त्याच्या जबड्याचं हाड एकदा हललं. ओठ घट्ट मिटले. टाळीसाठी उचललेले हात मधेच थांबले होते. हा चेहरा मला आतून पाठ आहे. तो मी कधी आरशात पाहिला नव्हता, पण ओळखायला क्षणही लागला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो माणूस माझ्यासारखा वाटला.

तेवढ्यात त्यानं टाळ्या वाजवल्या, जोरात. मग माझ्याकडे वळला, छातीवर हात ठेवला आणि हसत म्हणाला, "जळतं हो मास्तर, हितं. काय मारला त्यानं."

मी हसलो. जे वाक्य उच्चारायला मला एक मोसम, एक खोटं आणि एवढी वर्षं लागली, ते त्यानं टाळ्या थांबायच्या आत बोलून टाकलं आणि पुन्हा खेळ बघू लागला. आणि खरं सांगायचं तर, इतकं सहज बोलता येण्याचाही मला हेवा वाटला.